ताराबाई मोडक आणि अंगणाचे अर्थशास्त्र

आपल्या सार्वजनिक जीवनातील काही शब्द इतके सरकारी होऊन बसले आहेत की, ते कधी काळी एखाद्या माणसाच्या अनुभवातून जन्माला आले असतील, अशी शंकाही आपल्याला येत नाही. ‘अंगणवाडी’ हा अशांपैकीच एक शब्द होय. तो उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती गावातली एक खोली, भिंतीवर रंगविलेली मुळाक्षरे, वजनकाटा, खिचडीचे पातेले आणि नोंदी करण्यात गुंतलेली एक सेविका. देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. त्यांपैकी एक लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. एवढी विस्तृत योजना ज्या शब्दाने ओळखली जाते, त्याचे मूळ समुद्रकाठच्या बोर्डी या गावी, एका अपयशात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ते अपयश प्रामाणिकपणे मान्य करून त्यातून मार्ग काढणाऱ्या ताराबाई मोडक ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निवर्तल्या. त्यांचे नाव बालशिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते; परंतु तो आदर बहुधा ममतेच्या भाषेत व्यक्त होतो. मुलांवर माया करणारी एक थोर स्त्री, एवढ्यावर आपण थांबतो. वस्तुतः ताराबाईंचे मोठेपण ममतेहून अधिक कठीण अशा एका गोष्टीत आहे. गरिबाचे मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी गरिबाच्या अज्ञानात शोधले नाही. ते त्यांनी त्याच्या घरच्या हिशेबात शोधले. आणि तो हिशेब बरोबर आहे असे दिसून येताच त्यांनी कुटुंबाला उपदेश करण्याऐवजी शाळेची रचना बदलली.

मुंबई ते भावनगर

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्या सुधारकी वातावरणात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया इतक्या थोड्या होत्या की, त्यांच्यापुढचा मार्ग जवळजवळ आखलेलाच असे. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि एका सुस्थित, प्रतिष्ठित संसाराला आरंभ झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीकडे समाज त्या वेळी कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. ताराबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले आणि स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहिल्या.

हे पद मानाचे व स्थैर्याचे होते. तरीही दोनच वर्षांत त्यांनी ते सोडले. भावनगर येथील दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसरी यांचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि लहान मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलाला स्वातंत्र्य आणि हाताला काम, हा तेथील प्रकार पाहून ताराबाई प्रभावित झाल्या आणि १९२३ मध्ये तेथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाची मराठी आवृत्ती १९३३ पासून निघू लागली, तिचे संपादन ताराबाईंनी केले. लहान मुलाला न मारता वाढविता येते, हा विचार अनेक मराठी घरांत आणि शाळांत प्रथम या पत्रिकेतूनच पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३६ मध्ये त्या मुंबईस परतल्या आणि दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. दादर हा मध्यमवर्गीयांचा भाग. नोकरदार, वकील, प्राध्यापक यांची मुले येत. शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर निघाले. संस्थेचा लौकिक वाढला. ताराबाई येथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते.

परंतु एक विसंगती त्यांना बोचत असली पाहिजे. माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत निघाले होते. तेथील आईबाप दिवसभर कामावर जात. मागे राहिलेली मुले जिन्यांतून उंडारत आणि भिंतींची खराबी करीत. तेव्हा इमारतींच्या चालकांनी आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी मुलांची सोय करण्याचे ठरविले आणि ते काम माँटेसरीबाईंकडे आले. म्हणजे या पद्धतीचा उगमच मुळी उपेक्षितांच्या वस्तीत होता. पुढे मात्र ती जगभर सुखवस्तूंची झाली. तिची साधने महाग, तिच्या शाळा शहरी. गरिबांच्या मुलांवर सिद्ध झालेली पद्धत गरिबांच्याच मुलांच्या आवाक्याबाहेर गेली. ताराबाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध म्हणजे ही पद्धत तिच्या मूळ हक्कदारांकडे परत नेण्याचा प्रयत्न होय.

बोर्डीचा धडा

१९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी लाभली. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीस आल्या आणि पुढची ४७ वर्षे, म्हणजे १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी हे काम सोडले नाही.

त्या वर्षी त्या मुलखाची स्थिती काय होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा प्रयोग कळणार नाही. वारली शेतकऱ्यांच्या जमिनी जमीनदार-सावकारांच्या हाती गेल्या होत्या. पावसाळ्यात पोट भरण्यासाठी घेतलेली धान्याची खावटी कधी फिटत नसे. लग्नासाठी थोडे कर्ज काढले की, नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबत. अशा वेठबिगाराला लग्नगडी म्हणत. याच १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली या वेठीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. ज्या कुटुंबाचे श्रम आधीच गहाण पडले आहेत, त्या कुटुंबातील तीन वर्षांच्या मुलाला शिकविण्यासाठी ताराबाई निघाल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी निघाली. मुले येऊ लागली, पण ती बहुतांशी गावातील बऱ्या घरांची. दलित वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले येईनात. आपल्याकडे अशा वेळी ठरलेला निष्कर्ष निघतो: या लोकांना शिक्षणाची गोडी नाही. ताराबाईंनी हा निष्कर्ष काढला नाही. मुले येत नाहीत, तर आपण जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्याचे अंगण झाडून घ्यावे, सभोवारची मुले गोळा करावीत, त्यांना आंघोळ घालावी, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत, असा क्रम पडला. घरी काम करीत असलेली आई, आजी दारातून हे सारे पाहत असे. ती अंगणवाडी. सुसज्ज साधने असलेली मध्यवर्ती बालवाडी एकीकडे आणि वस्तीवस्तीतून चालणाऱ्या अंगणवाड्या दुसरीकडे, अशी रचना तयार झाली.

हा बदल वरवर पाहता केवळ जागेचा वाटतो. वस्तुतः तो खर्चाच्या विभागणीचा आहे. अर्थशास्त्रात आपण शिकवितो की, फुकट मिळणाऱ्या वस्तूलाही किंमत असते. ती मिळविण्यासाठी जे सोडावे लागते, ती तिची खरी किंमत. बालवाडीला शुल्क नव्हते. पण मुलाला तेथे नेऊन सोडावयाचे, परत आणावयाचे, त्याला स्वच्छ करून पाठवावयाचे, यासाठी लागणारा वेळ हा मजुरीवर जाणाऱ्या बाईचा वेळ होता. तो गेला म्हणजे मजुरी गेली. घरातून शाळेपर्यंतचे अंतर सुखवस्तू कुटुंब सहज चालून जाते. गरीब कुटुंबाला तेच अंतर परवडत नाही. ताराबाईंनी ते अंतर चालण्याचा भार कुटुंबाच्या डोक्यावरून काढून शिक्षिकेच्या पायांवर घातला.

साधनांचेही तसेच. माँटेसरीची लाकडी साधने परदेशातून अथवा शहरातून आणावयाची, तर एका बालवाडीच्या खर्चात दहा अंगणवाड्या बुडाल्या असत्या. ताराबाईंनी आणि अनुताईंनी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती यांतून साधने घडविली. लहानमोठे, हलकेजड, खरखरीत-गुळगुळीत हे भेद समुद्रकाठी आणि रानात विपुल होते. ते विकत आणण्याचे कारण नव्हते. मुलाच्या हाताला परिचित असलेली वस्तूच त्याच्या बुद्धीची पहिली पाटी झाली.

पाळणा आणि कुरण

१९५७ मध्ये ही संस्था बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या अधिक जवळ गेली. तेथे ताराबाईंना आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. प्राथमिक शाळेत मुली येत नाहीत, याचे कारण प्राथमिक शाळेत सापडणार नाही. ते घरातल्या तान्ह्या भावंडात आहे. आई कामावर गेली की सातआठ वर्षांची मुलगी हीच घराची आई होते. तिला शाळेत बोलवावयाचे म्हणजे त्या तान्ह्याला वाऱ्यावर सोडावयाचे. कोणते घर तसे करील?

यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येई. तो पाळणाघरात, मधला बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. शाळा, आरोग्य, बालसंगोपन अशी शासकीय खात्यांत वाटली गेलेली कामे त्या मुलीच्या आयुष्यात मात्र एकच होती. ताराबाईंनी खात्यांची सोय पाहिली नाही, त्या मुलीची सोय पाहिली.

मुलगे गुरांमागे जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत तेथे शिक्षक जात आणि चरणाऱ्या गुरांवर एक नजर ठेवून शिक्षण चाले. गुराख्याचे काम बंद पाडून त्याला वर्गात कोंबण्यापेक्षा वर्गच कुरणात नेणे त्यांना शहाणपणाचे वाटले. १९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला.

त्यांच्या कार्यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. जमीन गेलेल्या, कर्जात बुडालेल्या माणसांच्या मुलांचे केस विंचरून काय होणार? मूळ प्रश्न जमिनीचा, मजुरीचा, वेठीचा; तो लढ्यानेच सुटावयाचा. या आक्षेपात तथ्य आहे. बालवाडीने सावकारी मोडली नाही. ती मोडण्याचे काम दुसऱ्यांनी, गोळ्या झेलून, केले. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वेठ गेली म्हणून तान्ह्याला पाळणा मिळत नाही आणि मजुरी वाढली म्हणून चार वर्षांच्या मुलाशी दिवसभर कोणी बोलू लागत नाही. मूल मोठे होण्यासाठी समाजरचना बदलेपर्यंत थांबत नाही. त्याची पहिली सहा वर्षे एकदाच येतात. लढा आणि अंगण यांत निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

परदेशातील पुरावा

ताराबाईंनी जे अनुभवाने ओळखले, ते पुढे अर्थशास्त्रज्ञांनी आकड्यांनी मांडले. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ५८ मुलांना तीनचार वर्षांच्या वयात उत्तम बालशिक्षण देण्यात आले. उरलेल्यांना ते मिळाले नाही. दोन्ही गटांचा मागोवा ती माणसे चाळिशीत येईपर्यंत व त्यानंतरही घेण्यात आला. शिक्षण, मिळकत, गुन्हेगारी या सर्व बाबतींत पहिला गट सरस ठरला. २००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जेम्स हेकमन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या खर्चावरील परतावा वार्षिक ७ ते १० टक्के इतका काढला.

हे आकडे आता आपल्याकडील अहवालांतही वारंवार दिसतात. मात्र त्या प्रयोगातील दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, तेथील शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर दीड तास घालवीत असे. दुसरी, त्या शिक्षिका पात्रताधारक होत्या आणि त्यांना रीतसर शिक्षकाचा पगार होता. म्हणजे परतावा खोलीतून आला नाही, खिचडीतूनही आला नाही. तो घरापर्यंत जाणाऱ्या आणि सन्मानाने नेमलेल्या माणसातून आला. बोर्डीच्या अंगणात ही गोष्ट कोणत्याही पाहणीशिवाय उमगली होती.

नाव घेतले, हिशेब विसरलो

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. या योजनेने केलेले काम लहान नाही. लसीकरण, पूरक आहार, गरोदर स्त्रियांची नोंद या गोष्टी खेडोपाडी पोहोचल्या, त्यात तिचा मोठा वाटा आहे. परंतु नाव घेताना आपण त्यामागचा हिशेब मागे ठेवला. मुलाच्या अंगणात जाणारी वाडी हा त्याचा अर्थ होता. आता मुलाने वाडीकडे यावयाचे असते.

ज्या मुलखात हा शब्द जन्मला, तेथेच ही उणीव सर्वाधिक जाणवते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतलेली असते. लग्नगड्याच्या कर्जाशी असलेले तिचे नाते ओळखू न येण्याइतके दूरचे नाही. आईबाप पहाटेपासून माती तुडवितात, सातआठ वर्षांची मुलगी तान्ह्याला सांभाळते. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या नोंदीत असते आणि मूल भट्टीवर असते. ही माणसे निर्वासित म्हणून कोठेही नोंदली जात नाहीत. परंतु वर्षातील सहा महिने त्यांची अवस्था निर्वासितांहून निराळी नसते. कुरणापर्यंत शाळा नेणाऱ्या बाई आज असत्या, तर त्या प्रथम भट्टीवर गेल्या असत्या, याविषयी शंका वाटत नाही.

दुसरा प्रश्न सेविकेचा. या योजनेत ती आरंभापासून मानसेवी आहे. तिला मिळते ते मानधन, वेतन नव्हे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये हे मानधन दरमहा ३००० रुपयांवरून ४५०० रुपये केले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना दीर्घ संपावर जावे लागले. येथे कोणी ताराबाईंच्या त्यागाचा दाखला देईल. तो दाखला अप्रस्तुत होय. ताराबाईंनी त्याग केला तो स्वतःच्या इच्छेने, प्राचार्यपद व शिशुविहार यांचा अनुभव पाठीशी असताना. एका स्त्रीने स्वेच्छेने केलेल्या त्यागावर लाखो गरीब स्त्रियांच्या वेतनाची आकारणी करणे, हा हिशेबाचा घोटाळा आहे. शिवाय ताराबाईंनी शिक्षिकेच्या प्रशिक्षणावर आयुष्यभर भर दिला. तिला कमी मोलाचे मनुष्यबळ त्यांनी कधीच मानले नाही.

काही चिन्हे आशादायक आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केला आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडी व पाळणाघर एकत्र चालविण्याची योजना आखली. विकासवाडीने साठाहून अधिक वर्षांपूर्वी केलेली ही जोडणी उशिरा का होईना, शासनाच्या कागदावर आली. ती कागदावरून भट्टीपर्यंत कधी पोहोचते, हे पाहावयाचे आहे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील आणि त्यांपैकी एकही अशक्य नाही. स्थलांतराच्या हंगामात अंगणवाडीने कुटुंबांबरोबर फिरले पाहिजे. मुलाचा हक्क गावाशी नव्हे, मुलाशी बांधला पाहिजे. केंद्राची वेळ कार्यालयाच्या घड्याळावर न ठरविता आईच्या कामाच्या वेळेवर ठरविली पाहिजे. आणि सेविकेला प्रशिक्षण, वेतन व नोंदींच्या ओझ्यातून सवड ही तिन्ही दिली पाहिजेत. यास पैसा लागेल. परंतु पहिल्या सहा वर्षांत वाचविलेला पैसा पुढे नापासांच्या संख्येत, अकुशल मजुरीत आणि दवाखान्यांच्या रांगांत व्याजासह फेडावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगे आहे.

ताराबाईंचे स्मारक म्हणून कोसबाडची टेकडी आहेच. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे एक सवय होय: मूल आले नाही, तर त्याच्या आईला दोष देण्यापूर्वी शाळेने स्वतःला तपासावे. १९४५ मध्ये बोर्डीत ही तपासणी झाली, म्हणून अंगणवाडी हा शब्द आपल्याला मिळाला. तो शब्द आपण देशभर पोहोचविला. आता त्यातले अंगण मुलाच्या दारापर्यंत पोहोचवावयाचे राहिले आहे.